मनाचा जमाखर्च : शेठ जमनालाल बजाज

दसरा उलटला की पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या गावांच्या वाटा कापसाने पांढऱ्या होऊ लागतात. पूर्वी बैलांच्या बंड्या येत, आता ट्रॅक्टर येतात. परंतु गाडीवर बसलेल्या माणसाच्या मुद्रेवरील प्रश्न मात्र बदललेला नाही. आज भाव काय निघेल, हा तो प्रश्न. तो शेतकऱ्याच्या मनात असतो, आडत्याच्या मनात असतो आणि थैली सैल करून बसलेल्या व्यापाऱ्याच्या मनातही असतो. भाव चढला तर घरात सणासारखा आनंद होतो. उतरला तर वडील पाटावर बसूनही घास उचलीत नाहीत आणि आई मुलांना गलका करू नका म्हणून डोळ्यांनी खुणावते. आपल्यापैकी पुष्कळांनी अशी संध्याकाळ पाहिली असेल.

पैशाच्या उलाढालीत हातापायांस जितके श्रम पडतात त्याहून अधिक मनास पडतात, आणि मनाचा शीण डोळ्यांना दिसत नाही. अंगात ताप असला तर माणूस वैद्याकडे जातो. मन थकले तर ते तो स्वतःपासूनही लपवितो. ज्याच्या पेढीवर लाखांची उलाढाल होत होती, ज्याने व्यापारातील तेजी आणि मंदी दोन्ही पाहिल्या, आणि अखेरीस ज्याने आपले मन थकले आहे हे निःसंकोचपणे कबूल करून त्यावर उपाय शोधला, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र म्हणूनच आपण वाचले पाहिजे. ते पुरुष म्हणजे वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज. ते आपल्याला परके नव्हेत. ज्या वर्धा नदीच्या नावाने त्यांचे शहर ओळखले जाते ती आपल्याच सातपुड्यात, मुलताईच्या बाजूस, उगम पावते. आणि त्यांच्या काळी वर्धा व आपला छिंदवाडा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्यप्रांतात होते.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात, सीकरजवळील काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. वडील कनीराम हे साधे गृहस्थ होते. आईचे नाव बिरदीबाई. त्याच सुमारास वर्ध्यास बच्छराज नावाचे एक धनवान मारवाडी शेठ राहत असत. घरात सर्व काही होते, परंतु त्यांचा मुलगा अकाली निवर्तला होता व वंशाला दिवा उरला नव्हता. बच्छराज शेठ आपल्या पत्नीसह राजस्थानात गेले असता त्यांच्या दृष्टीस हा चुणचुणीत बालक पडला, आणि त्यांनी त्याला नातू म्हणून दत्तक मागितला. असे सांगतात की, मुलाच्या बदल्यात कनीरामांनी स्वतःसाठी काहीच घेतले नाही. वाळवंटातील आपल्या तहानलेल्या गावासाठी मात्र एक विहीर बांधून घेतली. पाच वर्षांचे पोर आईच्या कुशीतून निघून शेकडो मैलांवरील परक्या हवेलीत आले, आणि मागे राहिली ती पाण्याने भरलेली विहीर. ही विहीर वाचकांनी ध्यानात ठेवावी.

वर्ध्यास जमनालालजींचे शिक्षण मराठी शाळेत झाले, तेही जेमतेम चौथीपर्यंत. १९०० साली शाळा सुटली व पेढीचे धडे सुरू झाले. मुनीमजींच्या शेजारी बसून रोजमेळ लिहावा, खतावणी करावी, हुंडी ओळखावी, कापसाचा नमुना बोटांत धरून तंतूची लांबी पाहावी, ही त्यांची पाठ्यपुस्तके झाली. १९०२ साली त्या काळच्या रीतीप्रमाणे बालवयातच जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला. आजोबांकडून त्यांना रोज एक रुपया खर्चास मिळे. त्या वयातील मुलाने एवढ्या पैशांत काय काय केले असते! परंतु हा मुलगा रुपये साठवीत गेला. १९०६ साली लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती नागपुराहून निघणार असे त्याला कळले, तेव्हा त्याने साठविलेल्या रुपयांतून शंभर रुपये त्या कार्यास दिले. पुढील आयुष्यात त्यांच्या हातून लाखो रुपये सुटले. पण या शंभर रुपयांच्या देणगीने आपल्याला जितका आनंद झाला तितका पुढे कधी झाला नाही, असे ते सांगत.

१९०७ साली मात्र घरात एक वादळ उठले. बच्छराज शेठ मनाने उदार, पण स्वभावाने तापट होते. एका लग्नसमारंभास जाताना नातवाने श्रीमंतास शोभेल असा पोशाख करावा व अंगावर दागिने घालावेत असा त्यांनी आग्रह धरला. जमनालालजींना तो थाट रुचत नसे. त्यांनी नकार दिला. वृद्ध आजोबांचा राग अनावर झाला आणि रागाच्या भरात त्यांनी आपल्या संपत्तीची जाणीव करून देणारे कठोर शब्द नातवाला ऐकविले. सतरा वर्षांचा तो मुलगा उलटून बोलला नाही. त्याने स्टँपचा कागद आणविला, आजोबांच्या धनावर आपला यापुढे कोणताही हक्क नाही असे शांतपणे लिहून दिले, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तो घराबाहेर पडला. पत्रात रागाचा शब्द नव्हता. उलट आजोबांनी आपल्या प्रकृतीस जपावे व चित्त ईश्वराकडे लावावे अशी विनंती होती. पत्र वाचताच आजोबांना भरून आले. माणसे धावली, समजूत घालून मुलाला परत आणण्यात आले, आणि नातवंड व आजोबा पुन्हा एक झाले. पुढे थोड्याच काळात बच्छराज शेठ वारले.

कायद्याच्या दृष्टीने आता सारी इस्टेट जमनालालजींची होती. परंतु त्यांच्या मनाने एक निराळाच हिशेब मांडला. ज्या धनावरील हक्क आपण स्वहस्ते सोडून दिला ते धन आपले कसे? पेढी तर बंद करता येत नाही, शेकडो माणसांचे पोट तिच्यावर आहे. तेव्हा ती चालवावयाची, परंतु विश्वस्त म्हणून. वारशाने आलेली रक्कम व्याजासह सत्कार्याला लावून टाकावयाची, असा त्यांनी निश्चय केला. त्यांच्या हयातीत दिलेल्या देणग्यांची बेरीज मूळ वारशाच्या कित्येक पट भरली.

हा निश्चय केवळ दानशूरपणाचा नव्हता. त्याचा त्यांच्या मनःशांतीशी फार जवळचा संबंध होता, आणि तो समजण्यासाठी कापसाचा व्यापार त्या काळी कसा चाले हे थोडे पाहिले पाहिजे.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, त्याचप्रमाणे आपल्याकडील कापसाच्या पट्ट्यात हिवाळ्यात कापूस बाजारात येई. व्यापारी तो रोख पैसे मोजून घेई. मग जिनामध्ये सरकी वेगळी होऊन रुई निघे, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात, आणि गाठी आगगाडीने मुंबईस जात. घेतल्या दिवसापासून विकल्या दिवसापर्यंत कित्येक आठवडे लोटत, आणि या आठवड्यांत भाव कोठे जाईल हे व्यापाऱ्याच्या हाती नसे. मुंबईचा भाव लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथील भावाकडे पाहून हले. अमेरिकेत पाऊस बरा झाला की इकडे वर्ध्यास भाव पडे. तार घेऊन येणारा शिपाई दिसला की पेढीवरील बोलणे थांबे. याशिवाय वायद्याचे व्यवहार होते. पुढील महिन्यात द्यावयाच्या मालाचा भाव आजच ठरवून टाकण्याची ही रीत. ज्याच्या गोदामात माल आहे त्याला तिचा आधार होई. परंतु ज्याच्याजवळ एकही गाठ नाही असा मनुष्यही केवळ भावाच्या चढउतारावर पैसा लावू शके, आणि मग व्यापाराचा सट्टा होई. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटताच परदेशी जाणारा कापूस अडला आणि भाव कोसळले. पुढे युद्धकाळात ते असे चढले की हातात धरवेनात. १९२०-२१ मध्ये ते पुन्हा घसरले, आणि १९३०च्या सुमारास जगभर मंदी आली तेव्हा तर मोठमोठ्या पेढ्यांचे पाय डळमळले.

अशा व्यापारात माणसाचे मन दोन प्रकारे झिजते. तोटा झाला की भीती वाटते, आणि नफा झाला की लोभ सुटतो. दोन्ही वेळा झोप उडते ती उडतेच. हळूहळू भाव आणि आपण निराळे आहोत हेच मनुष्य विसरतो. भाव चढला की आपली किंमत वाढली असे त्यास वाटते आणि भाव पडला की आपणच पडलो असे वाटू लागते. जमनालालजींच्या विश्वस्तवृत्तीचा खरा उपयोग येथे दिसतो. पेढीतील पैसा आपला नव्हे असे एकदा ठरल्यावर नफा त्यांना फुगवू शकत नसे. विश्वस्ताने आळस करू नये, गाफील राहू नये. परंतु प्रामाणिकपणे काम करूनही तोटा आला तर त्याने तोंड लपवावे असे काही नाही.

ही वृत्ती त्यांच्या रोजच्या व्यवहारातही उतरली होती. कापसाचे वजन वाढावे म्हणून गाठी बांधण्यापूर्वी त्यावर पाणी मारण्याची खोड त्या काळी व्यापारात होती. आपल्या पेढीवर असे होता कामा नये असा त्यांनी नियम घालून दिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आरंभी नफा घटेल अशी मुनिमांना भीती वाटली. परंतु पुढे या पेढीच्या मालावर गिऱ्हाइकांचा भरवसा बसला. खोटे लपविण्याचे ओझे ज्याच्या मनावर नसते त्याचा निम्मा शीण तेथेच कमी होतो, हा धडा त्यांना असा तरुणपणीच मिळाला.

त्यांची दुसरी सवय रोजनिशी लिहिण्याची. पेढीचा रोजमेळ मुनीम लिहीत. मनाचा रोजमेळ ते स्वतः लिहीत. कोणास भेटलो, काय बोललो, प्रकृती कशी होती, कोठे चुकलो, याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे ठेवल्या. वाढदिवस आला की मागील वर्षात आपण किती पुढे गेलो व कोठे घसरलो याचा ते आढावा घेत. दिवाळीला आपल्याकडे वह्यांची पूजा होते; जमनालालजींच्या या वहीला मात्र मुहूर्त लागत नसे.

१९१५ साली गांधीजी आफ्रिकेतून परत आले. आपल्या मनास मार्ग दाखवील अशा गुरूच्या शोधात असलेले जमनालालजी त्यांच्याकडे ओढले गेले. त्यांनी आश्रमात राहून पाहिले, प्रश्न विचारले, आणि ज्याचे बोलणे व वागणे एक आहे असा पुरुष आपल्याला भेटला अशी त्यांची खात्री झाली. १९२० साली नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. जमनालालजी स्वागताध्यक्ष होते. त्याच वेळी त्यांनी गांधीजींकडे एक विलक्षण मागणी केली : मला आपला पाचवा मुलगा माना. गांधीजींनी ती मान्य केली. एकदा दत्तक गेलेला हा मुलगा दुसऱ्यांदा दत्तक गेला. पहिल्या वेळी त्याच्या वाट्यास धन आले, या वेळी सेवा आली.

यानंतरचे त्यांचे जीवन म्हणजे कामाचा महापूर होता. सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी परत केली. वकिली सोडून असहकारात आलेल्यांच्या कुटुंबांसाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. १९२१ साली विनोबाजी वर्ध्यास आले व तेथे आश्रम सुरू झाला. १९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला, त्यात जमनालालजींना तुरुंगवास घडला. १९२८ साली त्यांनी वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. त्याबद्दल आपल्याच जातीतील लोकांचा रोष सहन केला. काँग्रेसचे खजिनदार ते, चरखा संघाचा भार त्यांच्यावर, हिंदी प्रचाराची जबाबदारी त्यांच्यावर. १९३४ मध्ये ग्रामोद्योगांच्या कार्यासाठी त्यांनी मगनवाडी दिली, आणि १९३६ साली गांधीजी ज्या शेगावी राहावयास गेले, जे पुढे सेवाग्राम म्हणून जगाला माहीत झाले, तेथील जमिनीचा मोठा भाग त्यांच्याच मालकीचा होता. बजाजवाडीत पाहुण्यांची वर्दळ कधी थांबली नाही. आणि हे सर्व चालू असता पेढी होती, जिन होते, १९३१ मध्ये गोला गोकर्णनाथ येथे निघालेला साखरेचा कारखाना होता.

बाहेरून पाहणाऱ्यास वाटे, या माणसाला आता काय कमी आहे? धन आहे, कीर्ती आहे, सत्कार्य आहे, महात्म्याचे पितृप्रेम आहे. परंतु आतून मन थकत चालले होते. येथेच त्यांच्या चरित्रातील सर्वांत शिकण्यासारखा भाग सुरू होतो, आणि पुष्कळ चरित्रांत तो दोन ओळींत आटोपला जातो.

पैशाचा लोभ सुटला म्हणजे मन आपोआप शांत होते असे आपण समजतो. जमनालालजींचा अनुभव तसा नव्हता. त्यांनी लोभ जिंकला होता. परंतु जबाबदाऱ्यांची संख्या कमी झाली नव्हती. प्रत्येक संस्थेची चिंता त्यांच्या उशाशी येऊन बसे. सर्वांचे भांडण मिटवावयाचे ते जमनालालजींनी, सर्वांसाठी निधी गोळा करावयाचा तो जमनालालजींनी. चांगल्या कामांचे ओझेही ओझेच असते. शिवाय ते स्वतःचे परीक्षण फार कठोरपणे करीत. आपल्या मनातील दुर्बलता, चंचलता, राग हे सर्व त्यांना रोजनिशीत लख्ख दिसे, आणि लोक आपल्याला समजतात तेवढे आपण मोठे नाही ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देत नसे. १९३८च्या सुमारास त्यांनी गांधीजींना आपल्या मनाची ही अवस्था मोकळेपणाने कळविली आणि पदांतून मुक्त होण्याची इच्छा व्यक्त केली.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात राजेंद्रबाबूंसमवेत ते दक्षिणेत अरुणाचलाच्या पायथ्याशी रमण महर्षींच्या आश्रमात गेले. लक्षावधींचे व्यवहार करणाऱ्या या गृहस्थाने तेथे भाव विचारला नाही की राजकारणाचे भाकीत विचारले नाही. मन नीट मार्गावर स्थिर कसे ठेवावे, हा त्यांचा प्रश्न होता. सभोवार अनोळखी माणसे बसली असता वयाची पन्नाशी जवळ आलेल्या प्रतिष्ठित शेठजींनी असा प्रश्न विचारावा, यास केवढे धैर्य लागले असेल!

पुढील दोन-तीन वर्षे विश्रांतीची नव्हती. १९३९ साली जयपूर संस्थानात लोकांच्या हक्कांसाठी लढताना त्यांना कित्येक महिने स्थानबद्ध राहावे लागले. १९४०च्या अखेरीस वैयक्तिक सत्याग्रहात ते पुन्हा तुरुंगात गेले. प्रकृती ढासळली, आणि १९४१च्या मध्यास त्यांची सुटका झाली. शरीर आणि मन दोन्ही आता विसावा मागत होते. एखादा मानी मनुष्य असता तर त्याने हसतमुखाचा मुखवटा चढवून पुन्हा जुन्या घाण्यास मान दिली असती. जमनालालजींनी तसे केले नाही. ते सिमल्याच्या थंड हवेत राहिले, आणि तेथून डेहराडूनजवळ आनंदमयी माता राहत होत्या तेथे गेले. पाचव्या वर्षी आईपासून दुरावलेल्या या माणसाच्या मनात मातृप्रेमाची एक भूक आयुष्यभर राहिली होती. गांधीजींच्या रूपाने त्यांना पिता लाभला होता. आता माता लाभली. तेथे त्यांना देणगीदार म्हणून वागावे लागले नाही, पुढारी म्हणून बोलावे लागले नाही. बालकाप्रमाणे बसता येण्यासारखी जागा त्यांना मिळाली, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांच्या मनाला विसावा वाटला.

परत आल्यावर त्यांनी जी गोष्ट केली ती मनाच्या वैद्यकात मोलाची आहे. त्यांनी कामांची संख्या कमी केली. अनेक कामांऐवजी एकच काम निवडावयाचे, आणि तेही असे की ज्यात वाद नाही, डावपेच नाहीत, भाषणे नाहीत. गांधीजींच्या विचाराने त्यांनी गोसेवा हे काम निवडले. ३० सप्टेंबर १९४१ रोजी वर्ध्यास गोसेवा संघाची स्थापना झाली. नंतर बजाजवाडीतील सर्व सोयी सोडून जमनालालजी गोपुरीतील एका साध्या कुटीत राहावयास गेले. जे हात कोऱ्या धनादेशावर सही करीत ते आता गाईच्या पाठीवरून फिरू लागले. पहाटे उठावे, गोठ्यात जावे, चाऱ्यापाण्याची व्यवस्था पाहावी, दुधाची प्रत कशी सुधारेल याचा विचार करावा. गाईला भाव कळत नाही आणि कीर्तीही कळत नाही. तिला वेळेवर चारा आणि प्रेमाचा हात एवढेच कळते. त्या मुक्या प्राण्यांच्या सहवासात त्यांच्या मनाची घडी पुन्हा बसली. त्या दिवसांत त्यांना भेटलेल्यांना त्यांच्या मुद्रेवर एक नवी प्रसन्नता दिसे.

ही प्रसन्नता दीर्घकाळ टिकावी असे विधिलिखित नव्हते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा वर्ध्यास अकस्मात अंत झाला. वय अवघे ५२ वर्षांचे होते. सेवाग्रामहून गांधीजी धावत आले. धनवंतांनी विश्वस्त व्हावे असे आपण जेव्हा जेव्हा लिहिले तेव्हा तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर जमनालालच होता, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी नंतर लिहून ठेवले. कित्येक वर्षे साचलेल्या श्रमांनी शरीराची वसुली केली की काय, हे सांगणे कठीण आहे. परंतु वेळीच थांबण्याची बुद्धी त्यांना आणखी दहा वर्षे अगोदर झाली असती तर, हा विचार चरित्र वाचताना मनाला चाटून गेल्याशिवाय राहत नाही. आपल्या आदर्श पुरुषांच्या उशिरालाही आपण उशीरच म्हटले पाहिजे. त्यात त्यांचा अनादर नाही.

जानकीदेवींनी पतीचे व्रत पुढे चालविले. त्यांनी आपले धन व आपली सेवा गोसेवेच्या कार्यास वाहिली. पुढे विनोबाजींच्या भूदान चळवळीत त्यांनी कूपदानाचे, म्हणजे विहिरींच्या दानाचे, काम अंगावर घेतले. १९५६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. वाचकांना काशी का बासची ती विहीर आठवत असेल. एका मुलाच्या बदल्यात एका गावाला पाणी मिळाले होते. त्या मुलाच्या संसारातून पुढे कितीतरी तहानलेल्या गावांसाठी पाणी मागण्यात आले.

विद्यार्थी मित्रांनो, हे चरित्र आज वाचण्याचे एक विशेष कारण आहे. जमनालालजींच्या पेढीवर तार येण्यास वेळ लागे. आता कापसाचा, सोयाबीनचा, सोन्याचा आणि कंपन्यांच्या भागांचा भाव क्षणाक्षणाला हातातील फोनवर हलत असतो. पूर्वी सट्ट्यासाठी मुंबईस जावे लागे. आता तो आपल्या उशाशी येऊन झोपला आहे. आपल्या गावांतील तरुणही त्याकडे वळू लागले आहेत. भागबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनचे सौदे करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटाच झाला. त्या ९३ जणांच्या घरी किती रात्री जाग्या गेल्या असतील, किती ताटे न उष्टावता उठली असतील, याची मोजणी कोणत्याही पाहणीत झालेली नाही. कित्येकदा तोटा जेवढा छळतो त्याहून तो लपविण्याचे कष्ट अधिक छळतात, आणि असे एकट्याने सोसलेले दुःख काही घरांत जीवावरही बेतते.

जमनालालजींच्या आयुष्यातून यावर काय उत्तर मिळते? भाव आणि माणूस यांचा त्यांनी निरनिराळा हिशेब ठेवला. सौदा स्वच्छ ठेवला, त्यामुळे लपविण्याचे ओझे राहिले नाही. पैशाबरोबर मनाचाही जमाखर्च रोज लिहिला. मन थकले तेव्हा वडीलधाऱ्यांना ते सांगितले, दूरवर जाऊन जाणत्यांना विचारले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि शेवटी, ओझे उतरवून ठेवले व हातांना एक साधे, प्रेमाचे काम दिले. आपल्याजवळ आश्रम नसतील. परंतु मनातले सांगता येईल असे एखादे माणूस प्रत्येकाजवळ असू शकते, आणि गरज पडल्यास डॉक्टरांचा सल्ला घेण्यात लाज नाही. गाईचा गोठा किंवा संत्र्याचा बगीचा तर आपल्या पुष्कळ घरी आहेच.

यंदा कापूस मंडीत जाईल तेव्हा भाव काय निघेल हे कोणी सांगू शकणार नाही. पण संध्याकाळी वडील गप्प बसलेले दिसले तर आपण दूर सरू नये. पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसावे आणि आज काय झाले ते विचारावे. ते लगेच बोलतील असे नाही. तरीही बसावे. ज्या घरात तोट्याची गोष्ट मोठ्याने बोलता येते त्या घराचे दिवाळे कधी निघत नाही.